दावानल आणि दया

(शाहूवाडी तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात झालेल्या प्रवचनाचा सारांश)

श्रीपांडुरंगकृपेने सप्ताहाचा आज पाचवा दिवस. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील एकोणिसावा अध्याय आज निरूपणास घेतला आहे. अध्याय लहान आहे, पण त्यातला प्रसंग मोठा आहे. तो आजच का घेतला, हे आधी सांगतो. दुपारी मंडपाकडे येत असता आंब्याच्या अंगाच्या डोंगरावर धुराची रेघ दिसली. पारावर एक आबा बसले होते. त्यांना विचारले, "आबा, धूर कसला हो?" ते म्हणाले, "वणवा हाय बुवा. दरसाल लागतोय. इझंल आपसूक."

आबांच्या बोलण्यात खोटे काहीच नाही. दरसाल लागतो, हे खरे. आपसूक विझतो, हेही खरे; जळण्यासारखे काही उरले नाही म्हणजे आग विझणारच! पण ते शब्द माझ्या मनात बोचले, आणि ते बोचणे घेऊनच मी आज तुमच्यापुढे बसलो आहे.

आता कथा ऐका. गोपाळ खेळात दंग झाले होते. खेळात दंग झाले म्हणून गुरांवरची नजर सुटली. गुरे गवताच्या लोभाने पुढे पुढे गेली, एका रानातून दुसऱ्या रानात शिरली, आणि शेवटी मुंज नावाच्या गवताच्या घनदाट अरण्यात सापडली. तहानेने व्याकूळ होऊन हंबरू लागली. गोपाळांना भान आले तेव्हा त्यांनी खुरांचे माग काढले, दातांनी तोडलेले गवत पाहत पाहत ते तेथवर पोचले. भगवंताने गाईंना एकेकीचे नाव घेऊन हाक मारली. गाईंनी ओ दिली. परतायचे तोच चहूबाजूंनी वणवा पेटला. वाऱ्याची साथ मिळाली. गुरे आणि गोपाळ मध्ये सापडले, आणि रामकृष्णांना शरण गेले. भगवंताने त्यांना भय सोडून डोळे मिटायला सांगितले. त्यांनी डोळे मिटले, आणि देवाने तो भयंकर अग्नी आपल्या मुखाने पिऊन टाकला. डोळे उघडून पाहतात तो काय! आपण सगळे पुन्हा भांडीर वडाच्या सावलीत उभे!

येथे श्रोत्यांपैकी कुणी शंका घेईल की, बुवा, देवाने अग्नी प्यायला हे आम्ही ऐकले, हात जोडले. पण त्यात आम्हांला करण्यासारखे काय आहे? आमच्याने का अग्नी पिववणार आहे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठीच आजचे निरूपण आहे. कथेतल्या तीन गोष्टी तेवढ्या गाठीला मारून ठेवा. पहिली, खेळात दंग आणि गवताचा लोभ या दोहोंतून संकट आले. दुसरी, संकट आल्यावर देवाने चूक कुणाची म्हणून चौकशी मांडली नाही; गुरे का सुटली, राखण कुणाची होती, एक शब्द विचारला नाही. आणि तिसरी, देवाने आग दुसऱ्या रानात ढकलली नाही, ती आपल्या पोटात घेतली. दया म्हणतात ती हीच. दुसऱ्याची आग आपल्या पोटात घेणे.

आता एक दूरची हकिगत सांगतो. दूरची असली तरी ती आपलीच आहे, हे पुढे कळेल.

पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. अमेरिकेचे ते एक राज्य आहे. त्यांतल्या एका बेटाचे नाव माउई. आपल्या कानाला ते माउलीसारखेच लागते. या माउईवर समुद्राच्या काठी लहायना नावाचे बारा-तेरा हजार वस्तीचे जुने गाव. एके काळी तेथील राजाची ती राजधानी होती. या गावाभोवती पूर्वी काय होते म्हणाल? ऊस! जसा आपल्या वारणेकाठी, तसा ऊस. साखरेचा कारखाना होता. तो १९९९ साली बंद पडला. बेटावरचा शेवटचा कारखाना २०१६ साली बंद झाला. ऊस गेला, राने पड राहिली, आणि त्या पडीक रानांत परदेशातून गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेले उंच गवत माजले. पावसाळ्यात हिरवे, उन्हाळ्यात वाळून कोळ.

८ ऑगस्ट २०२३. आपल्याकडे तेव्हा अधिक श्रावण चालू होता. घरोघर धोंड्याची जेवणे चालली होती, जावयांना वाणे दिली जात होती, आणि अधिकात दान करावे म्हणून आपण सगळे पुण्य जोडीत होतो. तिकडे बेटाच्या दक्षिणेस शेकडो मैलांवरून एक चक्रीवादळ चालले होते आणि उत्तरेस हवेचा दाब वाढला होता. दोहोंच्या कचाट्यात बेटावर वारा असा सुटला की विजेचे खांब कोलमडले. सकाळी एका तुटलेल्या तारेने गवत पेटले. अग्निशमनाची माणसे आली, त्यांनी पाणी मारले, दुपारी दोनपर्यंत ती तेथे थांबली, आग विझली असे पाहून गेली. आणि तासाभराच्या आत त्याच जागी आग पुन्हा उठली! राखेखाली कोठेतरी एक निखारा राहिला होता. वाऱ्याने त्याला जागे केले. पुढे चौकशी झाली, २०२४ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात हेच कारण निघाले. संध्याकाळपर्यंत गावाची राख झाली. माणसे जीव वाचवायला समुद्रात उतरली, लहान लेकरे कडेवर घेऊन तासन् तास पाण्यात उभी राहिली. १०२ माणसे गेली. २,२००हून अधिक इमारती जळाल्या. दोनशे वर्षांचे चर्च जळाले, बुद्धाचे मंदिर जळाले. आग काही धर्म पाहत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. त्या बेटावर संकटाची सूचना देणारे मोठे भोंगे बसवलेले होते. त्या दिवशी ते वाजवलेच गेले नाहीत. भोंगा ऐकून लोक समुद्राची लाट आली असे समजतील आणि डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच धावतील, असे अधिकाऱ्याने नंतर कारण सांगितले. कारण काहीही असो, भोंगा होता आणि वाजला नाही.

आता जगाने काय केले ते पाहा. आग एका दिवसाची, पण माणसांचे खरे रूप पुढच्या महिन्याभरात दिसले. मी त्यांचे वर्ग पाडतो. त्यांत आपण कोठे बसतो ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

पहिला वर्ग बघ्यांचा. जळत्या गावाची चित्रे साऱ्या जगाने पाहिली, चुकचुक केली, आणि दुसरे चित्र पाहायला घेतले. दुसरा वर्ग न्यायाधीशांचा. सरकार चुकले, वीजवाले चुकले, अग्निशमनवाले चुकले, आणि काही तर म्हणाले की हा देवाचाच कोप आहे. चौकशी व्हावी, हे योग्यच. ती झाली म्हणूनच निखाऱ्याची गोष्ट कळली. पण घरी बसून निवाडा देणारा आणि चौकशी करणारा यांत अंतर आहे. तिसरा वर्ग अफवा उठवणाऱ्यांचा. आकाशातून किरण सोडून कुणी मुद्दाम गाव पेटवले, असे सांगणारे निघाले. सरकारी मदत घेतली तर जमीन सरकारजमा होईल, अशीही आवई उठली. अहो, चुलीत राख झालेला माणूस मदतीचा कागद भरायला भितो, हे त्या अफवेचे फळ! आणि चौथा वर्ग गिऱ्हाइकांचा. राख निवली नव्हती तोच जळालेल्या जमिनीला भाव विचारणारे फोन येऊ लागले. तेथील राज्यपालांना जाहीर सांगावे लागले की, या लोकांच्या दुःखाचा सौदा करू नका.

हे चारी वर्ग फक्त तिकडेच आहेत असे समजू नका. त्याच अधिक महिन्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री, आपल्या रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या पायथ्याला असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती वाडी. वर जायला गाडीचा रस्ता नाही. पावसात, चिखलात, अंधारात माणसे पायी चढून गेली आणि हातांनी माती उपसू लागली. ती माणसे धन्य! पण त्याच वेळी खाली बसून, "असल्या जागी राहतातच कशाला?" असे म्हणणारे आपल्यातलेच होते. राहतात कशाला! ज्याच्या बापजाद्यांचा जन्म तेथे गेला त्याने जावे कोठे?

आता पाचवा वर्ग ऐका. यांच्यासाठी मी ही हकिगत सांगितली. लहायनाला जाणारे रस्ते बंद होते. तेव्हा त्याच बेटावरच्या आणि शेजारच्या बेटांवरच्या लोकांनी आपापल्या होड्या काढल्या. पाणी, अन्न, औषधे, इंधन भरले, आणि किनाऱ्याला लावून माणसांची साखळी करून हातोहात सामान उतरवले. कुणी अंगणात, कुणी समुद्रकाठी मदतीची ठाणी मांडली. सरकारची मोठी यंत्रणा पोचण्याच्या आधी शेजारी पोचला होता. हजारो बेघरांना पर्यटकांच्या हॉटेलांत निवारा मिळाला. दोन नामवंत धनिकांनी, ओप्रा विन्फ्रे आणि ड्वेन जॉन्सन यांनी, एक कोटी डॉलर घालून निधी काढला आणि लोकांनीही द्यावे म्हणून हाक दिली. त्यांच्यावर टीका झाली की, तुमच्याजवळ एवढे असता गरिबाकडे कशाला मागता? पण त्या निधीची एक रीत मला आवडली. कुणाला चादर, कुणाला भांडे असे न वाटता, घर गेलेल्या प्रौढ माणसाच्या हातात सहा महिने दरमहा १,२०० डॉलर दिले. तुला काय लागते ते तू ठरव, असे म्हटले. मागणाऱ्याचा मान राखून दिलेले दान ते हे.

येथे पुन्हा शंका. कुणी म्हणेल, महाराज, ज्याचे त्याचे प्रारब्ध. ज्याच्या कर्मात जळणे होते तो जळाला. आपण मध्ये पडणारे कोण? सज्जनहो, ही शंका वरून वेदान्ताची दिसते, पण आतून आळसाची आहे. प्रारब्धाचा सिद्धान्त शास्त्राने दिला तो स्वतःच्या दुःखात स्वतःला धीर देण्यासाठी. दुसऱ्याच्या दुःखावर मारायला ती काठी नव्हे. माझे घर जळाले तर मी म्हणावे, प्रारब्ध. शेजाऱ्याचे जळाले तर मी घागर उचलावी. हा क्रम उलटा केला की धर्माचा अधर्म होतो.

आपल्या संतांकडे पाहा. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात माणसे दाण्यावाचून पटापट मरत असता, बादशहाच्या कोठाराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. प्रारब्ध म्हणून ते स्वस्थ बसले असते तर कोण दोष देणार होते? त्यांनी कोठारे उघडली, आपल्या मानेवर तलवार ओढवून घेतली. मग देवाला विठू महार होऊन बेदरास जावे लागले. पण लक्षात घ्या, कोठार आधी उघडले, देव मागून आला. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. तुकोबारायांनी, स्वतःच्या घरी दुष्काळाने हाहाकार केला असता, आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. तिघांनीही काय केले? दुसऱ्याची आग पोटात घेतली. म्हणून अग्नी आम्हांला कसा पिववणार, या पहिल्या शंकेचे उत्तर हे की, तुम्हांलाही तो पिता येतो. त्याचे तीन घोट आहेत.

पहिला घोट शब्दाचा. कुणाचे घर जळाले, बुडाले, पडले, तर आधी आपली जीभ गिळावी. कसे झाले, का झाले, तुम्ही आधीच का नाही पाहिले, हे सगळे नंतर. आपण ज्याची शहानिशा केली नाही ती बातमी पुढे सांगू नये. वारकऱ्याच्या जिभेला नामाचे काम असता तिने अफवेची वेठ का करावी?

दुसरा घोट नावाचा. दिले तर दिले म्हणू नये. पाच किलो तांदूळ देताना दहा जणांनी पिशवीला हात लावून फोटो काढायचा, हे आता सगळीकडे झाले आहे. घेणारी बाई त्या फोटोत मान खाली घालून उभी असते. तिची ती खाली गेलेली मान पाहा. तांदळाने पोट भरेल, ती मान वर कशी यायची?

तिसरा घोट आपल्या सोयीचा. आपल्याला नको ते देणे म्हणजे दान नव्हे, ते घर झाडणे आहे. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर, शिरोळला महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. महामार्ग बंद पडला. आपल्या भागातल्या बायकांनी रात्र रात्र बसून भाकरी थापल्या, ठेचा बांधून दिला. आम्ही पाणी उतरल्यावर एक टेम्पो घेऊन शिरोळकडे गेलो. टेम्पोत निम्मे कपडेच होते, कारण कपडे सगळ्यांनी दिले होते. एका शाळेच्या आवारात पोचलो तर तेथे कपड्यांचा ढीग आधीच पडलेला, वरून पाऊस, कुणी हात लावत नव्हते. एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "बुवा, लुगडी लई आल्यात. म्हशीस्नी वैरण हाय का वैरण?" आमच्याजवळ एक पेंडी नव्हती. तिने विचारले आणि मी मान खाली घातली. निघण्यापूर्वी एकाने जरी तिकडे निरोप पाठवून विचारले असते, की बाबांनो तुम्हांला काय हवे, तर तो टेम्पो ओल्या वैरणीने भरून गेला असता. दुसऱ्या खेपेला आम्ही वैरणच नेली. तेव्हापासून मी एक नेम केला आहे: आधी विचारावे, मग बांधावे, मग निघावे.

असो. येथवर दुसऱ्याच्या आगीबद्दल बोललो. आता आपल्या आगीबद्दल बोलले पाहिजे. मघाचा धूर अजून डोंगरावर आहे.

आपल्या शाहूवाडीच्या डोंगरात फाल्गुन-चैत्रात वणवे का लागतात? आभाळातून वीज पडून नव्हे. बहुतेक वेळा काडी माणसाची असते. कुणाची विडी असते, कुणाच्या मधाच्या पोळ्याचा धूर असतो, कुणी बांध जाळायला जातो आणि आग हातची सुटते. आणि पुष्कळदा मुद्दाम लावतात. का? तर डोंगर जाळला म्हणजे पावसाळ्यात गवत चांगले येते, अशी समजूत आहे. आग लागल्यावर कोवळी पालवी लवकर फुटते, हे खरे. म्हणून ती समजूत टिकली आहे. पण सालोसाल जाळल्याने चांगल्या गवताचे मूळ जाते आणि आग सोसणारे कुसळाचे गवत तेवढे माजते. झाडांची रोपे जळतात. जमिनीवरचा पाला जळाला की माती उघडी पडते, आणि आपल्याकडचा पाऊस काय आहे ते तुम्हांला सांगायला नको. ती माती मृगात ओढ्याला लागते, ओढ्यातून कडवी-कासारीला जाते. माती गेली की पाणी मुरत नाही, पाणी मुरले नाही की माघातच झरे आटतात, आणि आपल्याच लेकीसुना डोक्यावर घागरी घेऊन मैलभर चालतात. कायदाही आहे, राखीव रानात आग लावणे हा १९२७ च्या वनकायद्याने गुन्हा आहे. पण मी कायद्याचे भय घालायला बसलो नाही. मी माळेची आठवण द्यायला बसलो आहे. त्या रानात गवा आहे, शेकरू आहे, भेकर आहे. गवतात जमिनीवर घरटे करणारी पाखरे आहेत. चैत्रात त्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. ज्याला मुंगी चिरडली तर पाप वाटते, त्याच्या एका काडीने किती जीव जळतात? एकादशीला उपास करायचा आणि द्वादशीला डोंगर पेटवायचा, हा कोणता धर्म?

आता जे सांगतो ते मी आजवर कोणत्याही मंडपात सांगितले नाही. मी अकरा-बारा वर्षांचा असताना माझ्या हाताने डोंगराला काडी लावली आहे. वडिलांनी सांगितले, "जा, वरचं पडाचं रान पेटवून ये, गवत चांगलं येतंय." त्यांच्या मनात वाईट नव्हते, त्यांनाही त्यांच्या वडिलांनी तसेच सांगितले होते. मी गेलो, काडी ओढली, आणि पोरांबरोबर खेळत बसलो. दुपारी वारा फिरला. आग सड्यावर चढली आणि तेथल्या एका धनगराची गवताची गंजी पेटली. सगळ्या उन्हाळ्याची वैरण एका घटकेत गेली.

दुसऱ्या दिवशी सारे गाव पाहायला गेले. कुणी म्हणाले, गंजी वाऱ्याच्या तोंडाला रचायची नाही हे याला कळू नये? कुणी म्हणाले, देवीचे काही चुकले असेल. मघाशी सांगितलेले सगळे वर्ग तेथे होते, आणि त्यांच्यात मीही उभा होतो, सगळ्यांसारखाच बघत. ज्याने आग लावली तोही बघ्यांत! तेवढ्यात खालून आमच्या गल्लीतली एक म्हातारी चढत आली. गळ्यात माळ, डोक्यावर भाताच्या पिंजाराचा भारा. तिच्या घरी एकच म्हैस. तिने भारा उतरवला, म्हणाली, "मामा, एवढं ऱ्हाऊ द्या," आणि घाम पुसत परत निघाली. एक शब्द विचारला नाही, एक शब्द सांगितला नाही. ती गेल्यावर गर्दी गप झाली. संध्याकाळपर्यंत आणखी आठ-दहा भारे वर आले.

मी पुढे माळ घातली ती त्या म्हातारीमुळे. पण त्या धनगरमामांना, आग मी लावली हे मी कधी सांगितले नाही. आज सांगेन, उद्या सांगेन म्हणता ते गेले. आता सांगायला माणूस नाही. लहायनाच्या राखेखाली जसा निखारा राहिला होता, तसा हा माझ्या आत राहिला आहे. वरून कितीही पाणी मारले, अभ्यास केला, प्रवचने केली, तरी तो विझला नाही. म्हणून आज तुमच्यापुढे राख उकरून दाखवली. ज्यांच्या हातून असे काही झाले असेल त्यांनी वेळेत जाऊन सांगावे, आणि भरपाई करावी. माणूस आहे तोवर जावे.

आता कथेच्या शेवटाकडे वळतो. देवाने गोपाळांना डोळे मिटायला का सांगितले? कुणी म्हणतात, लेकरे भिऊ नयेत म्हणून. मला यात दुसराही अर्थ दिसतो. उपकार होताना ज्याच्यावर होतो त्याने तो पाहू नये, त्याचे ओझे त्याच्या डोळ्यांत राहू नये, म्हणून देवाने डोळे मिटवले. देवालासुद्धा आपली दया कुणी पाहू नये असे वाटते, आणि आपण फोटो काढतो!

आणि डोळे उघडले तेव्हा ते कोठे होते? वडाच्या सावलीत. योग पाहा. त्या लहायना गावाच्या मध्यावर एक वड आहे. तो मूळचा तिकडचा नव्हे. आपल्या हिंदुस्थानातून नेलेले पुरुषभर उंचीहून थोडे मोठे रोप २४ एप्रिल १८७३ रोजी तेथे लावले गेले. दीडशे वर्षांत त्याने पारंब्या सोडून एक अख्खा चौक व्यापला. त्या आगीत तो होरपळून काळा पडला. लोकांना वाटले, संपला. पण झाडांची जाण असलेली काही माणसे स्वतःहून आली. गाव जळालेले, कित्येकांची घरे गेलेली, तरी त्यांनी टँकरने पाणी घातले, मुळांशी खत दिले, माती मोकळी केली. महिनाभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्या काळ्या फांद्यांना हिरवी पाने फुटली. बेघर माणसे ती पाने पाहायला येत आणि उभी राहून रडत. आपल्या मातीतले झाड सातासमुद्रापलीकडे जळालेल्यांना धीर देत होते. म्हणून मघाशी म्हटले की ती हकिगत आपलीच आहे. ज्ञानोबारायांनी पसायदान मागितले ते साऱ्या विश्वासाठी मागितले. त्यातून ना माउई सुटले, ना इर्शाळवाडी, ना आपला सडा.

पण सज्जनहो, नुसते ऐकून उठायचे नाही. सप्ताहाची सांगता परवा काल्याने होईल. त्याआधी या गावाकडे मी चार गोष्टी मागतो. हीच माझी बिदागी समजा. पहिली, माळकऱ्याने डोंगराला, बांधाला, पाचटाला काडी लावायची नाही. उसाचे पाचट रानातच कुजवावे, ते मातीचे अन्न आहे. दुसरी, पुढच्या पौष-माघात, गवत वाळण्याच्या सुमारास, वनरक्षकाला बोलावून त्याच्या सल्ल्याने गावाने श्रमदानाने जाळरेषा काढावी, म्हणजे आग लागली तरी पुढे जाणार नाही. दिंडीला जेवढी माणसे निघतात त्याच्या निम्मी आली तरी दोन दिवसांचे काम आहे. तिसरी, वणवा दिसला की देवळाची घंटा वाजवायची, कितीही रात्र असो. त्या बेटावर भोंगा असून वाजला नाही. आपली घंटा मुकी राहू नये. चौथी, पंगतीच्या खर्चातून एक वाटा बाजूला काढून ठेवावा, आणि तो कुणाच्या घरावर संकट आले तर विचारून, वेळेत, नाव न सांगता पोचवावा. विठ्ठलाच्या पंगतीतले ते एक पान समजावे.

आबा मंडपात बसले आहेत. मघापासून ऐकताहेत. आबा, रागावू नका. वणवा आपसूक विझतो, हे तुमचे म्हणणे मी खोडत नाही. पण आपसूक विझेपर्यंत थांबायचे, की डहाळी घेऊन वर जायचे, एवढाच आजच्या अध्यायाचा प्रश्न आहे. प्रवचन संपले की हरिपाठाला अजून घटकाभर अवकाश आहे. ज्यांच्या पायात बळ आहे त्यांनी माझ्याबरोबर वर यावे. ओल्या डहाळ्या तोडून घ्या, आणि वाऱ्याच्या पाठीशी राहा, तोंडाशी नको. वृद्धांनी व बायामाणसांनी येथे नामघोष चालू ठेवावा. आम्ही वर आग झोडपू, तुम्ही खाली नाम घ्या. दोन्ही सेवा एकाच पांडुरंगाची.

(त्या संध्याकाळी पस्तीस-चाळीस माणसे डोंगरावर गेली. हरिपाठ रात्री दहाला झाला. आबा घंटेच्या दोरीशी बसून होते.)

रामकृष्णहरि!